नववीच्या वर्गातली स्व-चाचणी : साठ प्रश्न, बहात्तर पत्ते आणि जिन्याचा स्विच

ठिकाण : विटा परिसरातली एक माध्यमिक शाळा (ता. खानापूर, जि. सांगली). वर्ग नववीचा, मुलं ४६ (मुली १९, मुलगे २७). चालवणारे तिघे : वर्गशिक्षिका, एक निवृत्त वीजतंत्री आणि पॅथॉलॉजी लॅबमधला एक तंत्रज्ञ. वेळ शनिवारची, सकाळची शाळा सुटल्यावर पावणेअकरा ते साडेबारा. दहावीनंतर काय करायचं याचा अंदाज प्रत्येक मुलाने स्वतःला तपासून बांधावा, एवढंच काम. आठ शनिवार धरले होते, लागले जास्त.

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

पाया म्हणून अमेरिकेच्या कामगार खात्याची 'ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर' ही मोफत चाचणी घेतली. तिच्या छोट्या आवृत्तीत ६० कामं दिलेली असतात आणि प्रत्येकापुढे 'अजिबात आवडणार नाही' ते 'खूप आवडेल' असे पाच पर्याय. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी कामाच्या आवडीचे जे सहा गट पाडले त्यांवर ती बेतलेली आहे, प्रत्येक गटाची दहा कामं. गटांची नावं मुलांसाठी साधी केली : हाताचं, शोधाचं, कलेचं, माणसांचं, धंद्याचं, नोंदींचं.

पहिली चूक लगेच झाली. भाषांतर करून एकदम ५० संच झेरॉक्स काढले, प्रत्येकी दोन पानं. आज आठ मुलांवर चाचपणी केली तेव्हा ६० पैकी १४ वाक्यांवर गाडी अडली. 'स्वयंपाकघरातली कपाटं बनवणे' हे इथे वेगळं काम म्हणून कुणी करत नाही, सुतारच करतो. 'जंगलातला वणवा विझवणे' म्हणजे सिनेमा. 'बाँड खरेदी-विक्री' वाचून एकाने विचारलं, "सर, बाँड म्हणजे स्टँप पेपर का?" आणखी एकीला 'हिशेब तपासनीस' समजेना म्हणून आम्ही 'ऑडिटर' म्हटलं, तर ती म्हणाली, "लग्नात ऑडिओ लावतो तो?"

न समजलेल्या कामाला मुलं 'आवडणार नाही' अशी खूण करत होती. म्हणजे शोधाच्या आणि नोंदींच्या गटांचे गुण आवड नसल्यामुळे पडत नव्हते, शब्द माहीत नसल्यामुळे पडत होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! १०० पानं रद्दीत, २०० रुपये गेले.

चाचपणी नेहमी पाच-सहा हाती लिहिलेल्या प्रतींवर करा. छपाई नंतर.

१९ ते २३ नोव्हेंबर

२० तारखेला विधानसभेचं मतदान. शाळा मतदान केंद्र, बाई निवडणूक ड्यूटीवर, २३ चा शनिवार मतमोजणीत. एक सत्र बुडालं. त्या वेळात वाक्यं पुन्हा लिहिली.

चार नियम ठरवले. एका वाक्यात एकच कृती. ती कृती या तालुक्यात कुणीतरी करताना दिसली पाहिजे, नाहीतर एका ओळीत डोळ्यांपुढे उभी करता आली पाहिजे. हुद्द्याचं नाव नको, कारण 'इंजिनिअर' किंवा 'डॉक्टर' शब्द आला की खूण कामाला न पडता प्रतिष्ठेला पडते. आणि पगाराचा उल्लेख नको.

बदललेली काही :
हाताचं : मोटरच्या स्टार्टरची पेटी उघडून वायरी तपासणे. ठिबकच्या नळ्या जोडून गळती काढणे.
शोधाचं : विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यातला क्षार मोजून फरक का पडला ते शोधणे.
कलेचं : मंडळाच्या देखाव्याचा आराखडा कागदावर काढणे.
माणसांचं : लहान मुलाला हातच्याची वजाबाकी समजेपर्यंत शिकवणे.
धंद्याचं : बेदाण्याच्या दरावरून व्यापाऱ्याशी बोलणी करणे.
नोंदींचं : डेअरीत प्रत्येकाचं लिटर आणि फॅट वहीत चढवून बेरीज जुळवणे.

प्रश्न बदलले की मूळ चाचणीच्या सरासऱ्या लागू राहत नाहीत. त्यामुळे एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही. फक्त त्या मुलाचे सहा आकडे आपापसांत ताडून बघायचे. हे फळ्यावर लिहून ठेवलं, तरी पुढे आम्हीच विसरलो (११ जानेवारी पाहा).

शनिवार, ३० नोव्हेंबर

पूर्ण वर्गाची पहिली फेरी. २० मिनिटं धरली होती, ५५ लागली. शिवाय छाटणीनंतरच्या बागांत विरळणीचं काम चालू, त्यामुळे नऊ मुलं शेतावर. त्यांची फेरी सोमवारी मधल्या सुट्टीत उरकली.

निकाल जवळजवळ निकामी. तीन कारणं.

एक, दहा-दहा कामं गटवार छापली होती. तिसऱ्या वाक्यापर्यंत मुलांना कळतं की हे सगळं 'मेकॅनिकचं' आहे, मग उरलेल्या सातांवर एकच खूण उभी खाली ओढली जाते. दोन, बाकावर तिघं बसतात. शेजाऱ्याची खूण बघून खूण. एका बाकावरच्या तिघांच्या ६० पैकी ५२ खुणा जुळल्या. तीन, ११ मुलांनी ४५ पेक्षा जास्त ठिकाणी 'खूप आवडेल' म्हटलं. ही अप्रामाणिक नव्हेत, बाईंसमोर 'आवडणार नाही' म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. पण सहाही गटांना ४० पैकी ३५-३६ मिळाले तर त्यातून काय वाचणार?

वर्गात एकाने मोठ्या बहिणीचा जुना निकाल आणला होता. २०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीला कल चाचणी होत असे, तिचा कागद. ताईचा कल 'गणवेशधारी सेवा' निघाला होता. ताई आता बी.कॉम. करते. सगळे हसले, पण मुद्दा बरोबर होता : कागद मिळाला, त्यापुढे काही करायला दिलं नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

दुसरी फेरी, तीन दुरुस्त्या करून. साठ वाक्यं सरमिसळ केली (चिठ्ठ्या टाकून, कारण हाताने मिसळताना आपण नकळत नमुना तयार करतो). 'अ' आणि 'ब' असे दोन क्रम छापले आणि शेजाऱ्यांना वेगळे दिले. पाच पर्यायांऐवजी तीन ठेवले : हो (२), सांगता येत नाही (१), नाही (०). आता गटाचे गुण २० पैकी.

सुरुवातीला एक वाक्य सांगितलं, त्याने बराच फरक पडला : "किमान वीस ठिकाणी 'नाही' आलंच पाहिजे." आदेश दिल्यावर 'नाही' म्हणायचा संकोच गेला. असा आदेश देणं शास्त्रशुद्ध नाही हे माहीत आहे. पण ३५-३५-३६ पेक्षा बरं. वेळ २५ मिनिटं.

नवी अडचण बरोबरीची. तीनच पर्याय असल्याने १७ मुलांचे दुसरे-तिसरे गट समान गुणांवर आले. त्यांच्यासाठी जोड्यांचा कागद केला : सहा गटांतलं एकेक काम घेऊन दोन-दोन समोरासमोर. सहाच्या जोड्या १५ होतात आणि प्रत्येक गट पाचदा येतो. प्रत्येक जोडीत एकच निवडायचं, दोन्ही चालत नाहीत. सात मिनिटांचं काम. शेवटी तो सगळ्यांनाच दिला.

जोड्यांचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. 'माणसांपेक्षा हाताचं, नोंदींपेक्षा माणसांचं, पण हातापेक्षा नोंदींचं' अशी गोल फिरणारी उत्तरं निघाली की त्या मुलाने घाई केली आहे किंवा त्याला खरोखरच फरक वाटत नाही. असे नऊ निघाले. त्यांच्याशी बसून बोललो. सहा जणांनी घाई केली होती. तिघांना फरक वाटत नव्हता. त्या तिघांना जबरदस्तीने क्रम लावला नाही.

वाचायचा नियम : २० पैकी ३ पेक्षा कमी फरक म्हणजे फरक नाही. १४ आणि १२ मध्ये पहिला-दुसरा ठरवू नका.

शनिवार, १४ डिसेंबर

पत्त्यांचा दिवस. ७२ व्यवसायांचे ७२ पत्ते, आठ संच. पुठ्ठा छापखान्यातून, लग्नपत्रिकांच्या कटिंगचा, १५० रुपयांत हवा तेवढा. एका झेरॉक्स पानावर नऊ पत्ते बसवले, कापून खळीने चिकटवले. खळ पातळ झाली की पत्ते वाकतात. फेव्हिकॉलचा पातळ हात द्या आणि रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली दाबा.

यादीसाठी केंद्र सरकारचं व्यवसायांचं वर्गीकरण (२०१५ चं) घेतलं. उपयोग झाला, उदाहरणार्थ इलेक्ट्रिशियन तिथे ७४११.०१०० या क्रमांकावर सापडतो. पण विट्यात बसून यादी करताना गलाई नाही म्हणजे काय! या तालुक्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली आहेत. वर्गातल्या सात घरांतले काका-मामा परराज्यांत भट्टीवर आहेत. गलाई, यंत्रमाग कारागीर, बेदाणा प्रतवारी आणि शीतगृह, द्राक्षबाग सल्लागार असे नऊ पत्ते हाताने लिहून घातले.

पत्त्याच्या मागे त्या कामातला एक साधा दिवस, तीन ओळींत. गलाईच्या पत्त्यामागे : जुने दागिने मुशीत वितळवणे, तेजाबाने शुद्ध करणे, टंच (शुद्धता किती ते) काढणे, भट्टीजवळ उभं राहणे, गावापासून शेकडो मैल लांब राहणे.

तीन ढीग : हो, नाही, माहीत नाही. 'माहीत नाही'चा ढीग सर्वांत मोठा, निम्म्या मुलांचा तो ३० पत्त्यांच्या वर. नेमका हाच ढीग कामाचा. आवड-चाचणीत ज्यांचे गुण सपाट होते त्यांचे हे ढीग जाड होते.

खरी भर पडली ती 'नाही'च्या पत्त्यांवर कारणाचं अक्षर लिहायला लावल्याने. क : ते काम नको. घ : घरचे नको म्हणतील. ल : लांब जावं लागेल किंवा पैसे लागतील. म : एवढे मार्क पडणार नाहीत. मुलग्यांच्या 'नाही'त बहुतेक 'क' आणि 'म'. मुलींच्या 'नाही'त 'घ' जवळजवळ तेवढेच. वही क्रमांक २३ (मुलगी) हिच्या 'नाही'त इलेक्ट्रिशियन, लोको पायलट, सर्व्हेअर, तिन्हींवर 'घ'. चाचणीत मात्र तिचा हाताच्या कामाचा गुण २० पैकी १७. अक्षरं लिहून घेतली नसती तर आम्ही 'तिला तांत्रिक काम आवडत नाही' असं नोंदवून मोकळे झालो असतो.

मात्र ही अक्षरं बाकावर उघड लिहायला लावली, ते चुकलं. मुली हाताने झाकून लिहीत होत्या. पुढच्या वेळी पत्ते घरी नेऊ देणार, कारणं वेगळ्या चिठ्ठीवर.

२१ डिसेंबर

स्नेहसंमेलन. काम बंद.

शनिवार, २८ डिसेंबर

आवड झाली. आता जमतं काय? आधी प्रत्येकाने सहा कामांत स्वतःला १० पैकी गुण द्यायचे, मग ती कामं प्रत्यक्ष करायची. सहा टेबलं, प्रत्येकी १२ मिनिटं. सहापैकी चार टेबलं फसली.

जिन्याचा स्विच : दोन टू-वे स्विच, एक होल्डर, १२ व्होल्टचा एलईडी दिवा, १२ व्होल्टचा अॅडॉप्टर, चार लाकडी फळ्यांवर चार संच. मुलांनी घरच्या विजेला हात लावायचा नाही म्हणून मुद्दाम कमी व्होल्टेज. दिवा कोणत्याही स्विचवरून लागला आणि विझला पाहिजे. १२ मिनिटांत एकाही जोडीचा लागला नाही. दोष मुलांचा नव्हता. टू-वे स्विचला तीन टोकं असतात, त्यातलं एक सामाईक. स्वस्त स्विचवर ते कुठलं ते लिहिलेलं नव्हतं आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्विचमध्ये ते वेगळ्या जागी होतं. सामाईक टोक ओळखता आलं नाही तर आकृती तोंडपाठ असूनही दिवा लागत नाही.

लहान मुलाला शिकवणं : पाचवीतली दोन मुलं आणली होती, ४५६ भागिले १२ शिकवायचं. तिसऱ्या फेरीपर्यंत ती दोघं भागाकारात पटाईत झाली. पुढच्या गटांना आयते गुण.

दराची बोलणी : आम्ही ऐकून गुण देत होतो. ज्याचा आवाज मोठा त्याला गुण जास्त.

पाण्याचा क्षार : टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) एका ग्लासात पूर्ण बुडाला, मेला. टोपीच्या रेषेखालचा भागच पाण्यात चालतो, हे सांगायचं राहून गेलं. ३५० रुपये.

डेअरीची वही आणि बेदाण्याच्या पुड्याचं लेबल ही दोन टेबलं नीट चालली.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

पुन्हा मांडणी. तीन टेबलं आज, उरलेली तीन मंगळवारी जादा तासाला.

स्विचची टोकं मल्टिमीटरवर सातत्य (कोणत्या दोन टोकांत वीज वाहते ते) बघून शोधली आणि सामाईक टोकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. वेळ २० मिनिटं. आता २३ पैकी १६ जोड्यांचा दिवा लागला. वही २३ ची जोडी सर्वांत आधी, आठव्या मिनिटाला. तिने आधी स्वतःला ३ दिले होते. दिवा लागल्यावर तिने सोबतच्या मुलाला एक वायर काढून दाखवली आणि विचारलं, "आता कुठनं जाईल?" तो विचार करत बसला, हिने बोटाने वाट दाखवली. आम्ही फक्त लिहून घेतलं.

पाण्याचं टेबल : पाच ग्लास, बिनचिठ्ठीचे. आरओचं, नळाचं, बोअरचं, लिटरला अर्धा ग्रॅम मीठ घातलेलं आणि लिटरला एक ग्रॅम घातलेलं. क्रम लावायचा आणि कसा लावला ते दोन ओळींत लिहायचं. गुण बरोबर क्रमाला कमी, पद्धतीला जास्त : दर वेळी मीटरचं टोक आरओच्या पाण्यात धुतलं का, शंका आल्यावर पुन्हा मोजलं का. न सांगता पुन्हा मोजणारी पाच मुलं निघाली. त्यातल्या तिघांचा शोधाच्या कामांचा गुण चाचणीत साधारणच होता. तिघांनीही नंतर सांगितलं की चाचणीत त्यांनी 'शोध' म्हणजे शास्त्रज्ञ असं धरलं होतं.

बोलणीचं टेबल : विकणाऱ्याला चिठ्ठीत 'किलोला १८० च्या खाली जाऊ नको', घेणाऱ्याला '२२० च्या वर जाऊ नको'. सौदा ठरला का आणि किती वर, एवढंच मोजायचं. मोठ्या आवाजाच्या दोघांचा सौदाच मोडला.

शिकवायला या वेळी दर फेरीला वेगळं मूल आणि वेगळा विषय : घड्याळ वाचणं, नकाशावर दिशा, अपूर्णांक, पाढ्यातली चूक.

डेअरीच्या वहीत ४० ओळी, सात चुका पेरलेल्या. ज्यांनी स्वतःला ९-१० दिले त्यांच्यापैकी बहुतेकांना चारच सापडल्या. गणितात चांगले मार्क म्हणजे नोंदींचं काम जमतं, असा त्यांचा हिशेब होता.

टेबलांनंतर स्वतःला दिलेले गुण पुन्हा लिहायला लावले. पहिले खोडायचे नाहीत, शेजारी लिहायचे. ही दोन आकड्यांची रांग पूर्ण प्रकल्पातला सर्वांत उपयोगी कागद ठरली.

शनिवार, ११ जानेवारी

आजची चूक आमच्यापैकी शहाण्या म्हणवणाऱ्याची. आवडीला ४०, टेबलांना ४० आणि सहामाहीच्या मार्कांना २० असं वजन लावून संगणकावर एकच बेरीज काढली आणि प्रत्येकाच्या वहीत 'तुमचे पहिले पाच व्यवसाय' छापून दिले. मुलांनी बाकीचं सगळं विसरून क्रमांक एक पाहिला, मग शेजाऱ्याचा पाहिला. मागे फळ्यावर काय लिहिलं होतं ते कुणालाच आठवलं नाही, आम्हालाही नाही. संध्याकाळी एका पालकांचा फोन : "आमच्या पोराला वेल्डर कुणी ठरवलं?"

बेरीज चुकीची का? आवड १८ आणि जमणं ६ असलं तरी बेरीज २४, आवड १२ आणि जमणं १२ असलं तरी २४. पहिल्या मुलाला शिकायला वेळ हवा आहे, दुसऱ्याला आणखी बघायला हवं आहे. एका आकड्यात हे पुसलं जातं. पुढच्या दोन दिवसांत ४६ पानं परत मागितली. चार परत आली नाहीत.

नवा कागद : एका व्यवसायाची एक ओळ, तीन रकाने : आवड, जमणं, दार. प्रत्येकात बरोबर, प्रश्नचिन्ह किंवा फुली. बेरीज नाही. प्रश्नचिन्ह असेल तिथे शेजारी 'हे कुणाला विचारणार' लिहायचं.

१३ ते १७ जानेवारी (दारांचा तक्ता)

'दार' म्हणजे तिथे पोचायला कोणता विषय, कोणती परीक्षा, कोणती शारीरिक अट लागते. भिंतीवर लावायचा तक्ता केला. त्यातला गाभा असा :

अकरावीला गणित सोडलं की अभियांत्रिकी पदवीचा रस्ता जवळजवळ बंद होतो. जीवशास्त्र सोडलं की 'नीट' (वैद्यकीय प्रवेशपरीक्षा) अवघड होऊन बसते. बी. फार्म. आणि डी. फार्म. ला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींतलं एक चालतं. (पहिल्या तक्त्यात आम्ही गणित सक्तीचं लिहिलं होतं. लॅबवाल्याने पकडलं, पांढऱ्या शाईने दुरुस्त केलं.) दहावीनंतर पॉलिटेक्निक तीन वर्षांचं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर दोन वर्षांचा, वेल्डर एका वर्षाचा, आणि दोन वर्षांचा आयटीआय करून थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाला जाता येतं. ही शेवटची ओळ वर्गात कुणालाच माहीत नव्हती. 'आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं' असंच सगळे धरून चालले होते. पोलीस शिपाई भरतीला बारावी, उंची मुलींना १५५ आणि मुलग्यांना १६५ सेंटीमीटर, धावणं ८०० आणि १६०० मीटर. एमपीएससी राज्यसेवेला पदवी, मग ती कोणत्याही शाखेची असो.

रंगांधळेपणाचा गोंधळ. लोको पायलटसारख्या कामांना रंग ओळखण्याची कडक अट असते, म्हणून इशिहाराच्या ठिपक्यांच्या चकत्या मोबाइलवर दाखवल्या. तीन मुलगे 'नापास'. पडद्याचे रंग प्रत्येक फोनवर वेगळे दिसतात आणि ब्राइटनेस कमी होता. नेत्रतपासनीसांकडे छापील पुस्तकावर दिवसाच्या उजेडात तपासलं तेव्हा एकच निघाला. उरलेल्या दोघांनी चार दिवस उगाच काळजी केली. मोबाइलवर हे करूच नका.

शनिवार, १८ जानेवारी

काम करणाऱ्या माणसांशी बोलणं. अकरा जणांना बोलावलं, दोन-तीन जणांच्या टोळीने वीस-वीस मिनिटं. पहिल्या तिघांच्या वेळी मुलांचे प्रश्न : "या क्षेत्रात यशस्वी होण्यासाठी काय लागतं?" उत्तर ठरलेलं, मेहनत. वह्यांत तीन पानं 'मेहनत, जिद्द, चिकाटी'.

मधेच थांबवून प्रश्न बदलला : "काल सकाळी आठपासून रात्रीपर्यंत काय काय केलं, तासातासाचं सांगा." आणि दुसरा : "कालच्या दिवसातला सर्वांत कंटाळवाणा अर्धा तास कोणता?" मग वह्या बदलल्या. लॅबच्या तंत्रज्ञाचा अर्धा दिवस उभ्याने नळ्यांवर नाव-क्रमांक चिकटवण्यात जातो. गलाईवाले तेजाबाच्या धुराबद्दल आणि दुकानात रात्री एकट्याने झोपण्याबद्दल बोलले. द्राक्ष सल्लागाराने सांगितलं की पाऊस आला की फोन पहाटे चारला सुरू होतात. परिचारिकेने रात्रपाळीनंतरच्या बसची वेळ सांगितली. हे ऐकल्यावर दोन मुलींनी पत्ता 'हो'तून 'माहीत नाही'त हलवला. तो हलवणं म्हणजे प्रकल्प चालू असल्याची खूण.

कर सल्लागार आले नाहीत. जीएसटीचं विवरण भरायची तारीख महिन्याच्या २० च्या आसपास असते, आणि आम्ही त्यांना १८ ला बोलावलं. यातूनही नोंदींच्या कामाबद्दल एक ओळ मिळालीच, ती वहीत लिहून घेतली. त्यांना महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बोलवा.

शनिवार, २५ जानेवारी

तीच साठ वाक्यं पुन्हा, सात आठवड्यांनी. उद्याच्या झेंडावंदनाच्या तालमीमुळे हजर ४१. वरचे दोन गट तेच राहिले २६ जणांचे. एक गट बदलला ११ जणांचा, दोन्ही बदलले चौघांचे. या पंधरांपैकी बहुतेकांचे 'माहीत नाही'चे ढीग जाड होते. आवड बदलली असं म्हणण्यापेक्षा त्यांना आता कामं माहीत झाली, असं आमचं मत. या पंधरांनी एवढ्यात काही ठरवू नये असं त्यांच्या वहीत लिहिलं, दहावीच्या दिवाळीत पुन्हा फेरी.

शनिवार, १ फेब्रुवारी

पालकसभा. सकाळची वेळ ठेवली हा मूर्खपणा, द्राक्षकाढणी चालू आहे. १३ पालक आले, त्यात आया दोन. संध्याकाळी सातला पुन्हा बोलावलं, ३१ आले, आया १४.

पालकांना भाषण दिलं नाही. मुलाचा ढीग न दाखवता तेच ७२ पत्ते त्यांच्या हातात दिले : तुमच्या मुलासाठी 'हो' म्हणाल ते दहा काढा. मग दोन्ही ढीग शेजारी. चार-पाच पत्ते जुळणारी घरं निम्मी. एकही न जुळणारी तीन. वही २३ च्या आईच्या दहात इलेक्ट्रिशियन नव्हता, पण सर्व्हेअर होता. मुलीने त्यावर 'घ' लिहिलं होतं. आईने पत्ता हातात धरून विचारलं, "आम्ही कधी नको म्हटलं?" मुलगी काही बोलली नाही. बाईंनी तो पत्ता 'विचारणार' या रकान्यात ठेवला आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या सर्व्हेअरला भेटायचा दिवस लिहून दिला.

हिशेब

झेरॉक्स (वाया गेलेली १०० पानं धरून) ८४४. पत्ते ३३८. चार स्विच-संच, वायर आणि अॅडॉप्टर १३२०. टीडीएस मीटर दोन, ७००. पाहुण्यांचा चहा-वडापाव ४००. एकूण ३६०२ रुपये, म्हणजे मुलामागे साधारण ७८. सत्रं ठरली आठ, झाली दहा शनिवार आणि एक जादा मंगळवार, शिवाय निवडणूक आणि संमेलनाचे दोन बुडाले. सर्वांत जास्त वेळ वाक्यं लिहिण्यात आणि ११ जानेवारीची पानं गोळा करण्यात गेला.

पुढच्या तुकडीसाठी क्रम उलटा करणार : आधी पत्ते, मग टेबलं, मग साठ वाक्यं. कामं माहीत नसताना आवड विचारण्यात आमचे दोन शनिवार गेले. पत्त्यांचे आठ संच आणि नेलपॉलिश लावलेले स्विच शाळेच्या कपाटात आहेत. एका संचातला 'यंत्रमाग कारागीर' हरवला आहे. कुणाच्या दप्तरात सापडला तर आणून द्यावा.